एडिटरमधूनच कोडचा एक तुकडा चालवताना आत काय घडतं

मध्य प्रदेशातल्या सगळ्या मंड्यांचे, सगळ्या पिकांचे, दहा वर्षांचे रोजचे भाव तुमच्याकडे एका मोठ्या फाइलमध्ये आहेत असं समजा. अ‍ॅगमार्कनेट या सरकारी पोर्टलवर प्रत्येक दिवसाचे तीन भाव मिळतात: किमान, कमाल आणि मोडल, म्हणजे ज्या भावाने जास्तीत जास्त माल गेला तो. तुमचा पायथनचा प्रोग्राम ही फाइल वाचतो, त्यातून इंदूरचं सोयाबीन वेगळं काढतो, रविवार, दिवाळी आणि रंगपंचमीच्या गेरची, म्हणजे मिरवणुकीची, सुट्टी यांमुळे पडलेल्या रिकाम्या जागा भरतो, महिन्याची सरासरी काढतो आणि शेवटी आलेख दाखवतो. वाचण्यात आणि साफसफाईत दोन-तीन मिनिटं जातात.

आलेख आला, पण खालची महिन्यांची नावं एकमेकांवर चढली आहेत. ती तिरकी करायची. बदल एका ओळीचा, पण प्रोग्राम चालणार पहिल्या ओळीपासून, म्हणजे पुन्हा तीन मिनिटं. नावं तिरकी झाली, आता अक्षरं थोडी लहान हवीत. पुन्हा तीन मिनिटं. असा एक आलेख मनासारखा होईपर्यंत संध्याकाळ निघून जाते, आणि त्यातला बराचसा वेळ आधीच वाचलेली फाइल पुन्हा वाचण्यात जातो.

आलेखाच्या त्या दहा ओळीच तेवढ्या पुन्हा चालवता आल्या तर? येतात. जवळपास प्रत्येक चांगल्या एडिटरमध्ये ही सोय आहे. आमच्याकडे इंदूरमध्ये इंजिनिअरिंगची किंवा संख्याशास्त्राची मुलं शिकायला येतात, तेव्हा त्यांना कोणतं बटण दाबायचं ते माहीत असतं. बटण दाबल्यावर काय होतं ते मात्र बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

एडिटर स्वतः कोड चालवत नाही. तो फक्त मजकूर लिहिण्याचं आणि साठवण्याचं काम करतो. तुकडा चालवा असं सांगितल्यावर तो एवढंच करतो: तुम्ही दाखवलेल्या ओळी उचलतो आणि शेजारी आधीपासून चालू असलेल्या दुसऱ्या एका प्रोग्रामकडे पाठवतो. हा दुसरा प्रोग्राम म्हणजे जिवंत पायथन. ज्युपिटर या तुकड्यातुकड्याने कोड चालवण्याच्या साधनाच्या भाषेत त्याला कर्नल म्हणतात. तो आलेल्या ओळी चालवतो, उत्तर परत पाठवतो आणि पुढच्या ओळींची वाट बघत बसून राहतो. तो बंद होत नाही, आणि बंद होत नाही म्हणूनच मघाशी वाचलेली फाइल त्याच्या मेमरीत तशीच असते. आलेखाच्या दहा ओळी आल्या की तो तीच माहिती वापरून क्षणात आलेख काढून देतो.

वर्गातली वही आणि फळा डोळ्यांसमोर आणा. तुमची फाइल म्हणजे वही, कर्नल म्हणजे फळा. वहीतल्या चार ओळी तुम्ही फळ्यावर उतरवता, फळ्यावर गणित होतं, उत्तर फळ्यावर राहतं. नंतर वहीत काही खोडलंत म्हणून फळ्यावरचं पुसलं जात नाही, आणि फळा पुसला म्हणून वही कोरी होत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांच्यात आपोआप मेळ राहत नाही. हे एकदा पक्कं बसलं की पुढच्या बहुतेक अडचणी स्वतःच्या स्वतः ओळखता येतात.

ज्युपिटरमध्ये एडिटर आणि कर्नल एकमेकांशी निरोपांमधून बोलतात. त्यासाठी पाच वाहिन्या ठरलेल्या आहेत. शेल नावाच्या वाहिनीवरून कोड जातो, आयओपबवरून छापलेला मजकूर, आलेख आणि चुका परत येतात, स्टडइन लागते ती प्रोग्रामने मध्येच तुमच्याकडून काही टाइप करून मागितलं तर. कंट्रोलवरून बंद होण्यासारखे तातडीचे आदेश जातात आणि हार्टबीटवरून कर्नल जिवंत आहे का याची विचारपूस चालते. सगळं निरोपांवर चालतं म्हणून कर्नल तुमच्याच लॅपटॉपवर असला पाहिजे असंही नाही. तुम्ही सुदामा नगरात घरी बसून लिहा, कर्नल कॉलेजच्या सर्व्हरवर असू शकतो. फक्त अशा वेळी फाइलसुद्धा त्या सर्व्हरवर लागते, कारण कर्नल स्वतःच्या डिस्कवर शोधतो, तुमच्या डिस्कवर नाही.

आता तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे एडिटरला कसं कळतं, ते पाहू. पायथनच्या साध्या फाइलमध्ये खूण करायची पद्धत अशी:

# %% फाइल वाचणे

पायथनच्या दृष्टीने हॅशने सुरू होणारी ओळ म्हणजे नुसता शेरा, ती तो वाचतही नाही. पण एडिटर त्या दोन टक्केचिन्हांवरून ओळखतो की इथून नवा तुकडा, म्हणजे सेल, सुरू झाला. पुढची अशीच खूण येईपर्यंत तोच सेल. दोन टक्केचिन्हांची ही रीत मॅटलॅबमध्येही आहे, तिथे टक्केचिन्ह हेच शेऱ्याचं चिन्ह असल्यामुळे हॅश लागत नाही. पायथनसाठी हीच खूण स्पायडर हा एडिटर ओळखतो आणि व्हीएस कोड हा एडिटरही. व्हीएस कोडमध्ये पायथन आणि ज्युपिटर ही दोन एक्स्टेन्शन्स घातली की खुणेच्या वर बारीक अक्षरांत रन सेल, रन अबव्ह अशा लिंक दिसू लागतात. कर्नलसाठी लागणारं पॅकेज नसेल तर तो पहिल्यांदा विचारून ते बसवून घेतो. शिफ्ट-एंटर दाबलं की सेल चालतो आणि कर्सर पुढच्या सेलवर जातो, कंट्रोल-एंटर दाबलं की सेल चालतो आणि कर्सर तिथेच राहतो. आलेखाशी खेळताना दुसरं जास्त उपयोगी, कारण तोच सेल परत परत चालवायचा असतो. स्पायडरमध्येही याच कळा आहेत, आणि एकच ओळ किंवा निवडलेला भाग चालवायला तिथे एफ-नाइन आहे.

मला ही खुणांची पद्धत नोटबुकपेक्षा जास्त आवडते. ज्युपिटर नोटबुकची फाइल आतून जेसन या स्वरूपात असते. त्यात तुमचा कोड, त्याची उत्तरं, आलेखांची चित्रं आणि कोणता सेल कितव्या नंबरला चालला ते आकडे, असं सगळं एकत्र असतं. दोघं मिळून प्रोजेक्ट करत असतील आणि गिटवर, म्हणजे फाइलींतले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात, बदल तपासायचे असतील, तर एका ओळीच्या बदलासाठी शेकडो ओळी बदललेल्या दिसतात. खुणा घातलेली साधी पायथन फाइल मात्र साधीच राहते. ती रात्री आपोआप चालवता येते, मित्राला पाठवता येते, आणि त्याच्याकडे वेगळा एडिटर असला तरी त्याचं काही अडत नाही. नोटबुक आणि साधी फाइल यांची जोडी लावून ठेवणारं ज्युपिटेक्स्ट नावाचं साधनही आहे. सरांनी नोटबुकच मागितली असेल तर ते वापरावं.

ही कल्पना नवी नाही. 1950 च्या दशकाच्या शेवटी लिस्प ही भाषा आली. तिच्यात वाच, उत्तर काढ, छाप आणि पुन्हा वाच, असं फिरणारं चक्र लवकरच रूढ झालं. लिस्पमधलं प्रत्येक विधान कंसात बंद असतं, त्यामुळे तुकडा कुठे संपतो हे कंसच सांगतात. ईमॅक्स या एडिटरमध्ये आजही कर्सर कंसाच्या शेवटी नेऊन कंट्रोल-एक्स, कंट्रोल-ई दाबलं की तेवढंच विधान चालतं. वेगळी खूण लागत नाही. पायथनच्या जगात फर्नांडो पेरेझ यांनी 2001 साली आयपायथन सुरू केलं, 2011 च्या अखेरीस त्यात ब्राउझरमध्ये चालणारी नोटबुक आली आणि 2014 मध्ये त्यातून ज्युपिटर वेगळं झालं. ज्युलिया, पायथन आणि आर या तीन भाषांवरून ते नाव घेतलं आहे.

आर वापरणाऱ्यांना खुणांची फारशी गरजच पडत नाही. आरस्टुडिओ या आरच्या एडिटरमध्ये कर्सर ज्या विधानावर आहे ते कंट्रोल-एंटरने चालतं, विधान चार ओळींत पसरलेलं असलं तरी ते पूर्ण उचललं जातं. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेलाच अर्थ असतो, म्हणून हाताने निवडताना जपावं लागतं. लूपच्या आतली एकच ओळ निवडून पाठवली तर तिच्या आधीच्या मोकळ्या जागेवरून पायथन तक्रार करू शकतो. आणखी एक खोच आहे. सेल केलेले नसतील तर व्हीएस कोडमध्ये शिफ्ट-एंटरने निवडलेला मजकूर एरवी टर्मिनलमधल्या पायथनकडे जातो. टर्मिनलमधल्या जुन्या, साध्या पायथनमध्ये मजकूर हाताने चिकटवला आणि फंक्शनच्या मधे रिकामी ओळ असली, तर त्याला फंक्शन संपलं असं वाटतं, आणि उरलेल्या ओळींवर चुकांची रांग लागते. मुलं बिचारी कोड तपासत बसतात, आणि कोड तर बरोबर असतो. खुणा घालून सेलमधून चालवलं की हा त्रास होत नाही, कारण अख्खा सेल एकाच निरोपात जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. पायथन 3 मध्ये नावं देवनागरीत चालतात, त्यामुळे खालच्या ओळी जशाच्या तशा चालवून बघता येतील.

# %% पहिला
भाव = 4500

# %% दुसरा
भाव = भाव + 200

# %% तिसरा
भाव * 30

पहिल्या सेलमध्ये क्विंटलचा भाव, दुसऱ्यात चांगल्या दर्जासाठीचे 200 रुपये जादा, तिसऱ्यात 30 क्विंटलचे पैसे. तिन्ही क्रमाने चालवा. उत्तर 141000, बरोबर. आता चुकून दुसरा सेल आणखी एकदा चालवा आणि मग तिसरा. उत्तर 147000. फाइलमध्ये एक अक्षरही बदललेलं नाही, कुठे चूक दाखवलेली नाही, आणि हिशेब 6000 रुपयांनी चुकला. कर्नलच्या मेमरीत भाव 4700 झालेला होता, त्यात आणखी 200 पडले. इथे तीनच सेल आहेत म्हणून लगेच दिसतं. चाळीस सेल असतील, मधला एखादा सेल भाव रुपये प्रति क्विंटलमधून रुपये प्रति किलोत नेत असेल आणि तो दोनदा चालला असेल, तर आलेख देखणाच येतो आणि चुकीचा येतो.

उपाय साधा आहे. जुन्या नावावर नवी किंमत चढवायची नाही:

# %% दुसरा
नवा_भाव = भाव + 200

तिसऱ्या सेलमध्येही भावच्या जागी नवा_भाव लिहा. आता दुसरा सेल कितीही वेळा चालवा, नवा_भाव 4700 च राहतो. सेल लिहिताना मी मुलांना हाच एक प्रश्न विचारायला सांगते: हा लागोपाठ दोनदा चालवला तर उत्तर तेच येईल ना?

दुसरा प्रकार याच्या उलट आहे. फाइलमधून गेलेली गोष्ट कर्नलमध्ये टिकून राहते. समजा वर कुठेतरी एका सेलमध्ये हमाली = 20 असं होतं आणि खाली हाती = नवा_भाव - हमाली. नंतर फाइल आवरताना वरचा सेल काढून टाकला. खालचा सेल तरीही व्यवस्थित चालतो, कारण कर्नलला हमाली अजून माहीत आहे. मग सकाळी फोन येतो.

"ताई, रात्री तर सगळं बरोबर चालत होतं. आता म्हणतंय, हमाली नावाचं काही नाहीच."

"रात्री लॅपटॉप बंद केला होतास का?"

"हो, अकराला."

लॅपटॉप बंद झाला तेव्हा कर्नलही गेला, आणि त्याच्याबरोबर ती हमालीसुद्धा. सकाळी नवा कर्नल रिकामा सुरू झाला. कोड रात्रीपासूनच मोडलेला होता, दिसला सकाळी. प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी असं झालं की मुलांचे चेहरे बघवत नाहीत. म्हणून मी यावर इतका वेळ घालवते.

हे एकट्या-दुकट्याचं दुखणंही नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरच्या सुमारे 14 लाख ज्युपिटर नोटबुक गोळा केल्या होत्या. त्यांतल्या ज्या पुन्हा चालवून बघण्याजोग्या होत्या, त्यांपैकी जेमतेम 24 टक्के न अडखळता शेवटपर्यंत चालल्या, आणि मूळचीच उत्तरं आली ती फक्त 4 टक्क्यांच्या आसपास. यात सगळा दोष सेलच्या क्रमाचा नव्हता, न सापडणारी पॅकेजेस आणि सोबत नसलेल्या फाइलीही होत्या. पण लिहिणाऱ्याच्या यंत्रावर चाललं म्हणजे चाललं, हा भरवसा किती तकलादू आहे ते या आकड्यांवरून कळतं.

ओळखायचं कसं? नोटबुकमध्ये सेलशेजारी चौकटी कंसात आकडा येतो, तो सेल कितव्या नंबरला चालला ते सांगतो. वरून खाली 1, 2, 3, 4 असं असेल तर ठीक. 1, 2, 7, 5 असं दिसलं तर त्या उत्तरावर विसंबू नका. आणि कोणतंही उत्तर कुणाला दाखवण्याआधी कर्नल रीस्टार्ट करून सगळे सेल वरून खाली चालवा. आरस्टुडिओमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एफ-टेनने आर नव्याने सुरू होतं आणि कंट्रोल-ऑल्ट-आरने सगळी फाइल चालते. तीन मिनिटं लागतील तर लागू द्या. ती तीन मिनिटं दिवसभर वाचवली ती यासाठीच.

मेमरी ठेवणं ही सगळीकडची रीत आहे असं मात्र समजू नका. ईमॅक्सच्या ऑर्ग मोडमध्ये एका फाइलीत वेगवेगळ्या भाषांचे तुकडे लिहिता येतात आणि कंट्रोल-सी दोनदा दाबून चालवता येतात. तिथे पायथनचा प्रत्येक तुकडा एरवी नव्या, कोऱ्या पायथनमध्ये चालतो. आधीचं आठवायला हवं असेल तर सेशन मागून घ्यावं लागतं. ज्युलियातलं प्लूटो आणि पायथनमधलं मारिमो यांनी तिसरी वाट काढली आहे: कोणता सेल कोणावर अवलंबून आहे हे ती स्वतः शोधतात, एक बदलला की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे आपोआप चालवतात, आणि सेल काढून टाकला तर त्यातली नावंही मेमरीतून काढतात. वरची हमाली तिथे लगेच पकडली गेली असती.

आणखी एक जागा अशी आहे जिथे जाणतेही अडकतात. कोड वाढला की माणूस शहाणपणाने फंक्शन्स वेगळ्या फाइलीत नेतो आणि इम्पोर्ट करतो. मग त्या वेगळ्या फाइलीत दुरुस्ती करतो, सेव्ह करतो, सेल पुन्हा चालवतो, आणि उत्तर जुनंच येतं. इम्पोर्टची ओळ पुन्हा चालवली तरी जुनंच. पायथन एखादी फाइल एकदा इम्पोर्ट झाली की ती मेमरीत ठेवतो आणि पुढच्या वेळी डिस्कवर बघायला जात नाही. आयपायथनमध्ये ऑटोरीलोड नावाची सोय आहे. ती चालू करून पातळी 2 वर ठेवली की सेल चालवण्याआधी बदललेल्या फाइली पुन्हा वाचल्या जातात. बहुतेक वेळा एवढं पुरतं. तरीही संशय आला तर रीस्टार्ट.

पॅकेज बसवलेलं असूनही सापडत नाही असं कर्नल म्हणाला, तर तो बहुधा दुसऱ्याच पायथनचा कर्नल आहे. एका लॅपटॉपवर तीन-चार पायथन सहज असतात. कोणता निवडलाय ते एडिटरच्या कोपऱ्यात दिसतं. समोर दिसणारी फाइल सापडत नाही म्हणाला, तर कर्नल कोणत्या फोल्डरमध्ये उभा आहे ते छापून बघा.

शेवटी एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेबद्दल, कारण बँकेत, दुकानाच्या हिशेबात किंवा हॉस्पिटलच्या नोंदणीत काम करणारे आमच्या मंडळींपैकी पुष्कळ जण पायथनपेक्षा तेच जास्त वापरतात. तिथेही एडिटरमधून तुकडा चालतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या एडिटरमध्ये काही निवडलेलं असेल तर एफ-फाइव्ह तेवढंच चालवतो, डीबीव्हर या दुसऱ्या एडिटरमध्ये कंट्रोल-एंटर. पण पायथनमध्ये चुकीचं चाललं तर कर्नल रीस्टार्ट करता येतो. डेटाबेसला तसा रीस्टार्ट नाही, तिथलं खोडलेलं खरंच खोडलं जातं. डिलीटचं विधान दोन ओळींत लिहिलेलं असतं: पहिल्या ओळीत कोणत्या टेबलमधून, दुसऱ्या ओळीत व्हेअर आणि अट. माउसने घाईत पहिलीच ओळ निवडली गेली, तर ती एकटीसुद्धा व्याकरणाने पूर्ण आहे. ती बिनतक्रार चालते आणि अख्खं टेबल रिकामं करते. मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये सेफ अपडेट्स नावाची अडवणूक मुळातच चालू असते आणि की-कॉलमवर अट नसलेलं डिलीट किंवा अपडेट ती नाकारते. कटकट वाटली तरी ती बंद करू नका. इतर ठिकाणी डिलीट आणि अट एकाच ओळीत लिहा, म्हणजे अर्धं निवडणं अवघड होईल. आधी तीच अट सिलेक्टमध्ये घालून किती ओळी येतात ते मोजा. मग ट्रान्झॅक्शन सुरू करून डिलीट चालवा आणि एडिटरने सांगितलेला आकडा आधीच्या आकड्याशी ताडून बघा. जुळला तर कमिट, म्हणजे बदल पक्का; नाही तर रोलबॅक, म्हणजे बदल मागे.